अडीच वर्षांच्या लेकीसाठी चार महिने ॲप्स वापरून बघितली, त्याचा रिव्ह्यू

आमच्या ओवीच्या वरच्या पुढच्या दोन दातांवर, हिरडीच्या अगदी कडेला, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसायला लागली होती. मला वाटलं दूध चिकटलंय, ओल्या फडक्याने पुसून बघितलं, जाईना. डेंटिस्टकडे नेलं तर मॅडमनी टॉर्च मारून दोन मिनिटांत सांगितलं की ही किडीची सुरुवात आहे, खड्डा पडलेला नाही अजून म्हणजे वेळ गेलेली नाही, पण रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपते का ही? झोपते. दात कोण घासून देतं? कोणी नाही, तीच घासते, म्हणजे ब्रश चावते आणि पेस्ट गिळते. घरी येताना रिक्षात मला इतकं अपराधी वाटत होतं की काय सांगू, दुधाचे सगळे वीस दात धड बाहेर यायच्या आधीच त्यांना कीड.

ओवी तेव्हा बरोब्बर अडीच वर्षांची होती, आता तीनला दोन महिने कमी आहेत. मी डोंबिवलीहून रोज दादरला नोकरीला जाते, घरी यायला साडेसात होतात, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी, आणि दिवसभर ओवी माझ्या सासूबाईंकडे. आई सगळं प्रेमाने करतात पण त्यांचे गुडघे दुखतात, पळत्या पोरीमागे बेसिनपर्यंत त्या कितीदा जाणार. म्हणून मी ठरवलं की फोन तर तसाही तिच्या हातात जातोच, मग दात, जेवण, शी-शू, झोप या सवयींसाठी जी ॲप्स आहेत ती नीट वापरून बघू. चार महिने बघितली. माझ्यासारख्या आयांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहितेय, थोडं लांबेल.

मी दोनच गोष्टी बघत होते. एक, ॲप संपल्यावर ओवी फोन परत देते की भोकाड पसरते. दोन, एखाद्या दिवशी फोन नसेल तर ती सवय त्या दिवशी होते की नाही. बाकी स्टार किती, रेटिंग किती, डाउनलोड किती, ते मी नंतर नंतर बघायचंच सोडून दिलं.

दातांपासून सुरुवात करते कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. पहिलं घेतलं पोकेमॉन स्माईल. २०२० च्या जूनमध्ये आलेलं ॲप आहे, फुकट आहे. सेल्फी कॅमेरा चालू होतो, स्क्रीनवर मुलाचा चेहरा दिसतो, डोक्यावर पोकेमॉनची टोपी येते, आणि जंतूंच्या तावडीत सापडलेला एक पोकेमॉन असतो, आपण ब्रश फिरवत राहिलो की तो सुटतो आणि शेवटी बॉल टाकून पकडायचा. कुठल्या बाजूचे दात घासायचे ते दाखवत जातं, वेळ एक, दोन किंवा तीन मिनिटं ठेवता येते, तीन मुलांची वेगळी प्रोफाइल करता येतात. माझा बदलापूरचा भाचा साडेपाच वर्षांचा आहे, त्याच्यासाठी वहिनीने लावलं तर तो स्वतःहून सकाळ-संध्याकाळ ब्रश घेऊन उभा राहायला लागला, टोप्या गोळा करायच्या म्हणून. त्या वयाला हे ॲप फार सुंदर आहे, मी मनापासून सांगते.

पण अडीच वर्षांच्या मुलीचं गणित वेगळं असतं. मॅडमनी सांगितलं होतं की एवढ्या लहान मुलांचे दात मोठ्यांनीच घासून द्यायचे, साधारण सहा-सात वर्षांची होईपर्यंत, कारण त्यांच्या हाताला ते वळणच नसतं. आणि घासायची पद्धत दाखवली ती अशी की तिचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड वर, एका बोटाने ओठ वर करायचा आणि हिरडीच्या कडेने ब्रश गोल गोल फिरवायचा. आता या अवस्थेत फोन कुठे ठेवणार? बेसिनच्या वरच्या खिडकीत स्टीलच्या पेल्याला टेकवून ठेवला तर कॅमेऱ्याला आमचा सीलिंग फॅन आणि माझं कोपर दिसायचं. मग उभं राहून घासायला लागलो, तर ओवी पोकेमॉनकडे बघत बसायची, तोंड उघडं, ब्रश गालात नुसता धरलेला. सहाव्या-सातव्या दिवसापासून ‘दात घासायचे’ म्हटलं की ती ‘फोन दे’ म्हणायला लागली, आणि फोन नाही तर तोंडच उघडणार नाही. तेव्हा मी ते काढलं. ॲपचा दोष नाही यात, वयाचा प्रश्न आहे, ओवी पाच वर्षांची झाली की मी परत लावणार आहे हे नक्की.

त्यानंतर कोणीतरी ब्रश डीजे सुचवलं. बेन अंडरवुड नावाच्या इंग्लंडमधल्या डेंटिस्टने बनवलंय, आणि कल्पना इतकी साधी आहे की मला आधी वाटलं यात ॲप कशाला पाहिजे. तुमच्याच फोनमधलं गाणं दोन मिनिटं वाजतं, गाणं थांबलं की घासणं थांबवायचं. बस. बघायला काही नाही, ऐकायला आहे. आणि हीच गोष्ट मला फार पटली, म्हणजे पोरीचे डोळे मोकळे, माझे हात मोकळे, फोन फ्रिजवर, आणि दोन मिनिटं कोणीतरी मोजतंय. कारण खरं सांगू का, आपण मोठी माणसंसुद्धा दोन मिनिटं घासत नाही, मी पहिल्या दिवशी घड्याळ लावलं तर माझं स्वतःचं चाळीस सेकंदात उरकलं होतं.

मग मला सुचलं की गाणं तरी दुसऱ्याचं कशाला. आई बसल्या बसल्या काहीतरी जुळवून म्हणतात नेहमी, त्यांना म्हटलं दातांवर म्हणा ना काहीतरी. त्यांनी म्हटलं, ‘वरच्या मजल्यावर कोण कोण राहतं, दार उघडा, झाडू आला. खालच्या मजल्यावर कोण कोण राहतं, दार उघडा, झाडू आला. जिन्याखाली कचरा कोणाचा, कोपऱ्यात बघा, झाडू आला.’ मध्ये मध्ये आमच्या चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांची नावं घालून. फोनमधल्या साध्या रेकॉर्डरवर घेतलं, पहिल्यांदा पन्नास सेकंदांत संपलं, मग शेजारी वाढवले आणि दोन मिनिटं पाच सेकंदांचं झालं. जिन्याखालचा कचरा म्हणजे मागच्या दाढा, तिथे ओवी स्वतःहून तोंड मोठं उघडते. हिरडीच्या कडेला ब्रश लागला की आधी ओरडायची, आता ‘कोपऱ्यात बघा’ आलं की शांत राहते, तिला माहीत असतं पुढे काय येणार आहे.

याच्या जोडीला फोनमधलं घड्याळाचं ॲप, जे सगळ्यांच्याच फोनमध्ये असतं आणि ज्याचा कोणी रिव्ह्यू लिहीत नाही. त्यात अलार्मला स्वतःची रेकॉर्डिंग लावता येते, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये अलार्मच्या आवाजात जाऊन आपली फाइल निवडायची. मी आईंच्याच आवाजात ‘ओवीताई, झाडू घेऊन या’ एवढंच भरलं आणि रात्री सव्वाआठला लावलं. पहिले काही दिवस ती आजीकडे बघायची की आजी तर इथे बसलीय मग आवाज कुठून येतोय, मग ‘आले आजी’ म्हणून बेसिनकडे पळायला लागली. मी सांगितलं असतं तर दहा वेळा नाही म्हणाली असती, अलार्मशी मात्र ती भांडत नाही.

मागच्या पंधरवड्यात एका रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर नाही आमच्याकडे, आणि माझा फोन ऑफिसमधून येतानाच बंद पडलेला. मी विसरूनच गेले होते दात. मेणबत्ती लावून वरण-भात झाला, आणि ओवी अंधारात आजीचा पदर धरून म्हणाली, ‘झाडू लाहिला.’ र म्हणता येत नाही तिला. मी तिथेच तिला उचलून घेतली. मेणबत्तीच्या उजेडात आईंनी गाणं म्हटलं आणि मी दात घासले. माझ्या दुसऱ्या परीक्षेत ही एकच सवय आत्तापर्यंत पूर्ण पास झालीये.

पेस्टबद्दल दोन ओळी लिहून ठेवते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांच्या आत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. ब्रशभर पेस्ट जाहिरातीत दाखवतात तशी अजिबात नाही. आणि मुलांच्या पेस्ट घेताना मागचं लेबल वाचा, काहींत फ्लोराइड नसतंच, काहींत कमी असतं. कुठली घ्यायची ते तुमच्या डेंटिस्टला दाखवून ठरवा, फळाचा वास आणि कार्टूनचं चित्र बघून नको.

आता जेवण. इथे मी चुकले होते आणि ते मोकळेपणाने सांगते. एक ॲप घेतलं, नाव सांगत नाही, भाज्यांची चित्रं असतात, सशाला गाजर भरवायचं, माकडाला केळं, हत्तीला पालक, प्रत्येक घासाला चांदणी मिळते आणि चांदण्या भरल्या की एक व्हिडिओ उघडतो. वर लिहिलेलं की मुलं भाज्या आवडीने खायला लागतात. ओवीने त्या सशाला महिन्याभरात शेकडो गाजरं भरवली असतील, ताटातलं एक नाही खाल्लं. उलट जेवताना फोन समोर असल्यामुळे काय व्हायचं की तोंडात घास तसाच, गाल फुगलेला, आणि आई मागून भरवतायत. तिला किती खाल्लं, पोट भरलं का, चव कशी लागली, कशाचाच पत्ता नाही. मी कामावर असायचे, आई फोनवर सांगायच्या ‘आज पूर्ण वाटी संपवली हो’, आणि मला बरं वाटायचं. एका रविवारी मी समोर बसून बघितलं तेव्हा पोटात कालवलं माझ्या.

लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना मी रडकुंडीला येऊन म्हटलं डॉक्टर ही काही खातच नाही. त्यांनी वजन-उंची घेतली आणि त्यांच्या फोनवर इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं ग्रोथ चार्टचं ॲप उघडून आकडे भरले. पाच वर्षांखालच्या मुलांना त्यात जागतिक आरोग्य संघटनेचे चार्ट असतात. ओवीची रेष मधल्या रेषेच्या थोडी खाली होती पण तिच्या वाटेने नीट वर चढत होती, खाली घसरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले पहिल्या वर्षात मूल जन्माच्या तिप्पट वजनाचं होतं, आणि आता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात वर्षभरात मिळून दोनेक किलोच वाढतं, मग भूक तेवढी कशी लागणार? ती बारीक रेष बघून मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याच ससा-माकडाने दिला नव्हता. तुमच्याकडे चार्ट नसेल तर अंगणवाडीत वजन-उंची करून घ्या, तिथल्या ताई ते पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये भरतातच, तुम्हाला विचारता येतं मुलाची वाढ कशी आहे ते.

डॉक्टरांनी एक काम दिलं, आठवडाभर ती जे खाते-पिते त्याचा फक्त फोटो काढा. कॅलरी मोजायचं ॲप नको, डायरी नको. आम्ही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच टाकत गेलो, आई, मी, नवरा, तिघंही. आठ दिवसांनी मी वरपासून खाली बघितलं तर दुधाचा पेला दिवसातून चार-पाच वेळा. सकाळी मी देऊन जायचे, अकराला आई, दुपारी झोपेतून उठल्यावर नवरा घरी असला तर तो, संध्याकाळी परत आई बिस्किटासोबत, आणि रात्री बाटली. कोणालाच माहीत नव्हतं की दुसऱ्याने पण दिलंय! जवळजवळ लिटरभर दूध पोटात जात होतं, मग रात्री पोळी-भाजी कुठे मावणार. डॉक्टर म्हणाले या वयाला दिवसाला दोन कप, चारशे-पाचशे मिली पुरे, जास्त दूध प्यायलं की जेवण मागे पडतं आणि अंगातलं लोह कमी होतं. दूध कमी केल्यावर दहा दिवसांत तिने स्वतःच्या हाताने अर्धी पोळी गुळ-तूप लावून खाल्ली. भाजी अजून चाटून बाजूला ठेवते. नवीन पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो म्हणतात, आमची भेंडी सातव्या वेळेवर आहे.

अमेरिकेतल्या एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांचं एक म्हणणं आहे, काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून द्यायचं ते आईवडिलांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती खायचं ते मुलाने. आईंना हे पटायला वेळ लागला, ‘उपाशी ठेवायची का पोरीला’ म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबरच आहे, त्यांनी तीन मुलं टंचाईच्या दिवसांत वाढवलीत, ताटात उरलेलं त्यांना बघवत नाही. आता ताटात वाढायचंच कमी, परत मागितलं की परत वाढायचं, यावर आमचं जमलंय.

शी-शू साठी ॲप घेतलं ते पंधरा दिवसांत काढलं. पॉटीवर बसून खेळायचा खेळ होता, फुगे फुटतात, रेल्वे येते, आणि ओवी फोन घेऊन वीस-वीस मिनिटं पॉटीवर बसून राहायची, पायाला मुंग्या येईपर्यंत. काहीच व्हायचं नाही, उठवलं की रडायचं, आणि पाच मिनिटांनी चड्डीत. एवढा वेळ बसवणं चुकीचंच आहे, पाच मिनिटं बसवावं, नाही झाली तर उठवावं. कामाला आलं ते परत आपलं घड्याळच. जेवणानंतर वीसेक मिनिटांनी पोट आपोआप हालचाल करतं, म्हणून नाश्ता आणि दुपारचं जेवण झालं की आई टायमर लावतात, वाजला की पॉटी. हा अलार्म ओवीसाठी नाही, आईंसाठी आहे, आणि तो तसाच पाहिजे. दिवसाची चड्डी आता कोरडी असते, रात्रीचं अजून चालू आहे, त्याची मला घाई नाही.

झोपेचं लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलंय त्यात एक ते दोन वर्षांच्या (म्हणजे तीन पूर्ण व्हायच्या आतल्या) मुलांना ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३ तास झोप, दुपारची धरून. ओवीची मोजली तर साडेनऊ भरत होती. त्याच सूचनांमध्ये दोन ते चार वर्षांसाठी स्क्रीन दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं, असं आहे. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीचंही तेच, दोन वर्षांखाली नकोच आणि दोन ते पाचला फार तर एक तास. म्हणजे सवयींची ॲप्स म्हणून मी जो वेळ देत होते तोही याच तासात धरायचा. मी धरला, आणि लक्षात आलं की ससा आणि फुगे मिळूनच सव्वा तास होतोय.

बाटली सोडवायची होती म्हणून झोपताना दुसरं काहीतरी पाहिजे होतं. इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सापडली, स्टोरीवीव्हर. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स यांचं आहे, २०१५ पासून, मराठीत भरपूर चित्रांच्या गोष्टी आहेत, पायऱ्या ठरवलेल्या आहेत, म्हणजे पहिली पायरी अगदी एका ओळीच्या पानांची. फुकट आहे, आणि परवाना असा मोकळा आहे की डाउनलोड करून छापून घेता येतं. मी चार गोष्टी पेनड्राइव्हवर घालून स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत छापून घेतल्या, त्याच्याकडूनच स्पायरल करून घेतल्या. फोनवर वाचून दाखवायचे तेव्हा ती पान सरकवायच्या नादात गोष्ट ऐकायची नाही, कागदावर आल्यावर पान धरून ठेवते, बोट ठेवते, एकच पान पाच वेळा वाचायला लावते. आठला फोन लांब, सव्वाआठला झाडू, मग पाण्याचा एक घोट, मग दोन गोष्टी. बाटलीसाठी पहिल्या चार रात्री खूप रडली, मी पण रडले तिच्या शेजारी, पाचव्या रात्री मागितलीच नाही. आता साडेनवाच्या आत झोपते आणि दुपारची धरून अकरा तास भरतात.

एका ॲपला मी स्क्रीनच्या तासात मनापासून जागा देते, सेसमी स्ट्रीट या मुलांच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमवाल्यांचं ब्रीद थिंक डू. छोट्या केसाळ राक्षसाला बूट घालता येत नाही, तो चिडतो, मुलाने त्याच्या पोटावर बोट ठेवून त्याला मोठा श्वास घ्यायला लावायचा, मग बुडबुडे फोडून काय काय करता येईल ते सुचवायचं. इंग्रजीत आहे, मी शेजारी बसून मराठीत बोलत जाते. ओवीला चिडायचं फार, चप्पल उलटी गेली की फेकून द्यायची. एक दिवस चप्पल हातात घेऊन ती थांबली आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून फू फू केलं. चप्पल नंतर फेकलीच, पण आधी तीन श्वास घेतले होते! मुलाला एकटं सोडून हे ॲप दिलं तर काही उपयोग नाही, शेजारी बसायला दहा मिनिटं असतील तेव्हाच लावा.

पैशांचं सांगते. एका सवयींच्या ॲपमध्ये सात दिवस फुकट म्हणून मी यूपीआय ऑटोपे चालू केलं होतं, आठव्या दिवशी वर्षभराचे पैसे गेले. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा तो नियमच आहे, आला पण होता, लोकलच्या गर्दीत मी उघडला नाही. त्या ॲपवाल्यांना तीन मेल केले, उत्तर नाही. तेव्हा ट्रायल घेतलीत तर त्याच दिवशी सबस्क्रिप्शन रद्द करून टाका, बहुतेक ठिकाणी सात दिवस तरीही वापरता येतात. नुसतं ॲप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, प्ले स्टोअरमध्ये पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन आणि यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन दोन्हीकडे बघा.

इन्स्टॉल करायच्या आधी नावाखाली ‘जाहिराती आहेत’ आणि ‘ॲपमध्ये खरेदी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा, खाली डेटा सेफ्टीत कॅमेरा-फोटो-लोकेशन काय काय घेतात ते असतं. दात घासायला लोकेशन कशाला पाहिजे? आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती आणि मुलांना टार्गेट करून जाहिराती दाखवायला मनाई, अशी तरतूद आहे. आणि फोन हातात द्यायचाच असेल तर अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय आहे, आयफोनमध्ये गाइडेड ॲक्सेस, म्हणजे मूल त्या एका ॲपच्या बाहेर जात नाही. हे मला चौथ्या महिन्यात कळलं, पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

माझी खरी तक्रार भाषेची आहे. चार महिन्यांत मला अडीच वर्षांच्या मुलासाठी, मराठी बोलणारं, नुसतं ऐकायचं, स्क्रीन काळी ठेवणारं एकही सवयींचं ॲप मिळालं नाही. दोन मिनिटांचं गाणं, आजी-आजोबांच्या आवाजात बदलता येईल असं, आणि पॉटीचा, पाण्याचा, झोपायचा अलार्म मोठ्यांसाठी. वरण-भात, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी माहीत असलेलं. आमच्या ताटात ब्रोकोली नसते, त्या हत्तीला घोसाळं भरवा ना. कोणी बनवत असेल तर मी पैसे देऊन घेईन, आणि आईंचं झाडूचं गाणं द्यायला त्या तयार आहेत, मी विचारलंय.

मागच्या शनिवारी डेंटिस्टकडे परत जाऊन आलो. पांढरी रेघ आहे, पण वाढलेली नाही, मॅडमनी फ्लोराइडचं वार्निश लावलं आणि तीन महिन्यांनी बोलावलंय. खुर्चीवर बसल्यावर ओवीने विचारायच्या आधीच आ केला आणि त्यांना म्हणाली, ‘दाल उघललं.’